ताठ कमरेचे ओझे

या सदरात कंबरदुखीवर काही लिहिले की पुढच्या आठवड्यात पत्रे हमखास येतात आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न असतो. ओझे उचलताना कमरेत वाकावे की गुडघ्यात? या प्रश्नाचे ठरीव उत्तर बहुतेकांना पाठ असते. कारखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात ते चित्रासह लावलेले असते: पाठ ताठ ठेवा, गुडघे वाकवा, ओझे उचला. चित्रातल्या माणसाच्या हातात नेहमी एक लहानसे चौकोनी खोके असते. आपल्याकडे खोकी कमी आणि पोती फार, ही गोष्ट चित्रकाराच्या लक्षात आलेली नसावी.

आज मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते मात्र हा तक्ता तंतोतंत पाळणारे लोक आहेत. ज्यांची कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते आहे, अशा माणसांना ओझे उचलताना नीट पाहिले तर त्यांची पाठ फळीसारखी ताठ दिसते आणि सगळे काम गुडघ्यांवर चाललेले असते. तरीही त्यांची कंबर दुखायची थांबत नाही. ती पुष्कळदा या ताठपणामुळेच दुखत राहते, हे या लेखात सांगायचे आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे आटोपले की पोती हलवायला सुरुवात होते. त्या वेळी तासभर बाजूला उभे राहून हमालांकडे पाहावे. कमरेचे दुखणे नसलेला गडी पोत्याशी येतो, सहज वाकतो, पोत्याच्या कोपऱ्यात आकडा अडकवतो, पोते जरा हलवून त्याला झोका देतो आणि साथीदाराचा हात लागताच ते पाठीवर घेऊन चालू लागतो. त्याचे सगळे अंग पोत्याबरोबर वळते. तोंडाने तो शेजाऱ्याशी बोलतही असतो.

आता त्याच टोळीतला कंबरदुखीचा जुना रोगी पाहा. तो पोत्यासमोर येऊन क्षणभर थांबतो. पाय जास्त फाकवतो. एक हात मांडीवर टेकवतो. श्वास रोखतो, त्यामुळे गाल फुगतात. मग कंबर अजिबात न वाकवता गुडघ्यांतून खाली जातो आणि तसाच सावकाश वर येतो. वर आल्यावर पुन्हा थांबतो, कळ आली का याचा अंदाज घेतो आणि मगच पाऊल टाकतो. बोलणे बंद असते. पोते ठेवताना तर उचलतानापेक्षाही जास्त जपतो. फरक इतका ठळक असतो की कोणाची कंबर धरलेली आहे हे त्याला न विचारता सांगता येते.

हे केवळ आमच्या यार्डातले निरीक्षण नाही. कंबरदुखी असलेल्या आणि नसलेल्या माणसांना ओझी उचलायला लावून त्यांच्या हालचाली मोजण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. त्या सर्वांचा एकत्र विचार केला तर साधारण असेच चित्र दिसते. दुखणे जुने असलेली माणसे सावकाश उचलतात, हिसका कमी देतात, कमरेत कमी वाकतात आणि पायांचा आधार जास्त घेतात. अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज नंतर प्रसिद्ध झाला.

ही सवय लागते कशी? सुरुवात बहुतेक वेळा उसण भरण्यापासून होते. पोते उचलताना, बादली उचलताना, कधी कधी नुसते शिंकतानाही कमरेत चमक निघते आणि माणूस जागच्या जागी वाकडा होतो. त्या वेळी कमरेभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. दुखऱ्या भागाची हालचाल होऊ नये यासाठी शरीराने केलेली ही सोय आहे आणि पहिले काही दिवस ती उपयोगी पडते. पाय मुरगळला की आपण लंगडतो, तसेच हे. पायाची सूज उतरली की लंगडणे आपोआप सुटते. कमरेचे मात्र पुष्कळदा तसे होत नाही. बहुतेकांची उसण काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत उतरते, परंतु काहींची कंबर त्यानंतरही लंगडतच राहते आणि ती लंगडते आहे हे बाहेरून कोणाला कळत नाही. उलट लोक म्हणतात, पाहा, किती व्यवस्थित उचलतो.

आत काय चालते ते थोडे समजून घेऊ. निरोगी माणूस उभ्याने पुढे वाकत गेला की पाठीचे स्नायू प्रथम ताणून धरतात आणि तो पुरता वाकला की बऱ्याच अंशी ढिले पडतात. तेथे पाठीचे बंध भार घेतात आणि स्नायूंना विसावा मिळतो. फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९५०च्या दशकात स्नायूंतील विजेचे सूक्ष्म प्रवाह मोजून हे दाखवले. जुन्या कंबरदुखीच्या रोग्यांत पुष्कळदा हा विसावा सापडतच नाही. ते कितीही वाकले तरी पाठीचे स्नायू आवळलेलेच राहतात. दिवसभर मूठ घट्ट आवळून ठेवली तर संध्याकाळी हात दुखणारच. कमरेची ही मूठ दिवसभर आवळलेली असते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अशा वेळी पाठीचे स्नायू एकटे आवळत नाहीत. पोटाचे स्नायूही त्यांच्या विरुद्ध बाजूने आवळतात. दोन बाजूंनी दोर खेचून तंबूचा खांब ताठ ठेवावा तसा हा प्रकार असतो. खांब हलत नाही, परंतु दोन्ही दोरांचा ताण शेवटी खांबावरच येतो. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मारास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे मोजमाप केले आणि ते २००१ साली प्रसिद्ध झाले. सारखेच काम करताना कंबरदुखीच्या रोग्यांच्या कण्यावर निरोगी माणसांपेक्षा २६ टक्के जास्त दाब पडत होता. ज्याने कण्याला जपण्यासाठी अंग आवळून धरले, त्याच्याच कण्यावर ओझे वाढले.

आता गुडघ्यांकडे वळू. पाठीचे स्नायू कण्याच्या मध्यापासून साधारण पाच सेंटिमीटर मागे असतात. ओझे मात्र कण्याच्या पुढे असते. ज्याने पहारीने दगड हलवला आहे त्याला यातला हिशेब सांगायला नको. २० किलोचे ओझे कण्यापासून २५ सेंटिमीटरवर धरले तर ते पेलायला पाठीच्या स्नायूंना सुमारे १०० किलोच्या वजनाइतका जोर लावावा लागतो. तेच ओझे ५० सेंटिमीटरवर गेले की २०० किलोइतका. यात आपल्या धडाचे वजन धरलेले नाही. म्हणजे ओझे अंगाशी किती जवळ आहे, याला फार महत्त्व आहे. लहान खोके दोन गुडघ्यांच्या मध्ये मावते, तेव्हा खाली बसून उचलणे सोयीचे. भरलेले पोते गुडघ्यांत मावत नाही. ते गुडघ्यांच्या पुढे राहते, म्हणजेच कण्यापासून लांब जाते. अशा वेळी तक्त्याप्रमाणे बसून उचलले तर कमरेचा भार कमी होण्याऐवजी वाढू शकतो. शिवाय प्रत्येक वेळी सगळे अंग खालीवर न्यावे लागल्याने दमछाक जास्त होते. हमाल लोक ठरीव पद्धतीने का उचलत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या अज्ञानात शोधू नये.

मग वाकू नका हा सल्ला आला कोठून? स्वीडनचे डॉ. आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधील गादीत सुई घालून तेथील दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा पुढे वाकून ओझे धरल्यावर तो वाढतो, असे दिसले. मोजमाप खरे होते. परंतु दाब वाढला म्हणजे इजा झाली, असा अर्थ त्यातून लोकांनी काढला. हाड, स्नायू आणि गादी ही भार घेण्यासाठीच असतात आणि हळूहळू वाढवलेला भार त्यांना मानवतो. उचलताना कंबर जास्त वाकवणाऱ्यांना कंबरदुखी जास्त होते का, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासांचा आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात तसा संबंध आढळला नाही. अर्थात उपलब्ध पुरावा फार भक्कम नाही, हेही त्याच आढाव्यात म्हटले आहे. कामगारांना उचलण्याची ‘योग्य’ पद्धत शिकवल्याने कंबरदुखी टळते का, हेही तपासले गेले आहे. टळते असे दिसले नाही.

याचा अर्थ ओझ्याने काहीच होत नाही असा कोणी घेऊ नये. जड ओझी, वारंवार आणि अंग पिळून उचलणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते. फक्त उपाय गुडघ्यांत शोधण्यापेक्षा पोत्यात शोधला पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की प्रौढ पुरुषाने हातांनी वाहून न्यायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलोपेक्षा जास्त असू नये. आपल्याकडे क्विंटलभराचे पोते पाठीवर वाहणारी पिढी अजून हयात आहे. पोते पन्नास किलोचे व्हावे म्हणून हमालांच्या संघटनांना झगडावे लागले. भिंतीवर तक्ता लावणे स्वस्त पडते, पोते लहान करायचे तर खर्च वाढतो, एवढाच काय तो फरक.

पुन्हा रोग्याकडे येऊ. माझ्याकडे उपचाराला आलेल्या एका हमालाचे उदाहरण सांगतो. वय सेहेचाळीस, यार्डात कामाला वीस वर्षे. टोळीतले सगळे त्यांना मामा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी उसण भरली होती. फोटो काढला, तेव्हा कोणीतरी मणक्यात गॅप आल्याचे सांगितले. पुढे एमआरआय झाला आणि गादी सरकली हा शब्द त्यांच्या कानी पडला. तेव्हापासून कमरेला पट्टा बांधलेला, तो झोपतानाच सुटायचा. मी त्यांना समोरचे रिकामे प्लास्टिकचे स्टूल उचलायला सांगितले. मामांनी पाय फाकवले, श्वास रोखला आणि पन्नास किलोचे पोते उचलावे तसे ते स्टूल उचलले.

“मामा, यात काही वजन नाही.”

“वजनाचं काय नाही डॉक्टरसाहेब, पण गादी सरकलीया नव्हं. वाकलो आन् पार निसटली तर?”

‘सरकली’ या शब्दाने फार नुकसान केले आहे. कपाटातला कप्पा सरकावा तशी गादी सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिची कड फुगू शकते, झिजू शकते, काही वेळा फाटून आतला भाग बाहेर येतो आणि नस दाबली जाते. परंतु एमआरआयमध्ये दिसणारी झीज किंवा फुगवटा हे दुखण्याचे कारण असतेच असे नाही. ज्यांना कसलेही दुखणे नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली निघाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज आणि ३० टक्के लोकांत फुगवटा आढळला. ऐंशीच्या घरातल्यांत हेच आकडे ९६ आणि ८४ टक्के होते. केस पिकावेत तसा हा बराचसा वयाचा भाग आहे. मामांच्या पायात मुंग्या नव्हत्या, पायाची ताकद शाबूत होती. त्यांना अडवून धरणारी गोष्ट मुख्यतः भीती होती आणि ती भीती त्यांना आम्हा वैद्यकीय लोकांच्याच बोलण्यातून मिळाली होती.

उपचार काय केला, तर वाकायला शिकवले. पहिल्या आठवड्यात ओझ्याचे नावही काढले नाही. गादीवर उताणे झोपून दोन्ही गुडघे छातीशी घेणे, रांगण्याच्या स्थितीत पाठ वर गोल करून पुन्हा खाली सोडणे, मग स्टुलावर बसून श्वास सोडत हात पावलांपर्यंत नेणे. श्वास सोडणे हे मुद्दाम सांगतो, कारण श्वास सोडताना अंग आवळून धरणे अवघड जाते. पुढच्या आठवड्यात उभ्याने वाकून रिकामी पिशवी उचलणे. मग त्याच पिशवीत पाच किलो ज्वारी. ती आधी स्टुलावरून, नंतर जमिनीवरून. मग दहा किलो. दर वेळी थोडी कळ आली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले नसेल तर पुढे जायचे, वाढलेले असेल तर वजन तेवढेच ठेवायचे, असा साधा नियम ठेवला. पाचव्या आठवड्यात मामा वाकून चपलेचा पट्टा लावत होते आणि लावता लावता घरच्या म्हशीच्या तक्रारी सांगत होते. माझ्या दृष्टीने ती त्या उपचारातली सर्वांत मोठी प्रगती होती. उचलताना बोलता येणे ही कंबर सैल झाल्याची चांगली खूण आहे.

हे सगळ्यांना इतके लवकर जमत नाही आणि दुखणे नेहमी पूर्णपणे जातेच असेही नाही. मामांचीही कंबर अधूनमधून धरते. फरक इतकाच की पूर्वी ती धरली की ते पंधरा दिवस अंथरुणावर असत, आता दोन दिवस हलके काम करून पुन्हा यार्डात जातात.

घरातल्या स्त्रियांच्या ओझ्याकडे कोणी ओझे म्हणून पाहत नाही. भरलेल्या गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडी टाकीचे वजन धरून ते साधारण तीस किलोचे होते. पाण्याची भरलेली मोठी बादली पंधरा किलोच्या पुढे जाते आणि ती रोज किती वेळा उचलली याची नोंद कोणी ठेवत नाही. सिलिंडर एकटीने उचलण्यापेक्षा तिरके करून कडेवर फिरवत न्यावे. दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या घेणे एका हातात एक भरलेली घेण्यापेक्षा बरे. एक वहिनी माझ्याकडे येत असत. सासूबाईंचा आक्षेप होता की हिला बादली जड होते, पण तीन वर्षांचे पोर कडेवर कसे घेता येते? आक्षेपात तथ्य होते आणि तेच मला उपयोगी पडले. पोराला उचलताना वहिनींच्या मनात कंबर येत नसे, त्यामुळे अंग आवळले जात नसे. बादली दिसली की कंबर आठवायची. बादलीही पोरासारखी, अंगाशी घेऊन आणि फार विचार न करता उचलायची, हे त्यांना मी सासूबाईंच्या देखतच समजावले.

पट्ट्याविषयी पुष्कळ जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवरील मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत कंबरपट्टा आणि वजन लावून कंबर ताणणे हे नेहमीचे उपाय म्हणून करू नयेत, असे सांगितले आहे. व्यायाम, रोग्याला नीट माहिती देणे आणि मनातली भीती कमी करणारे उपचार यांची शिफारस आहे. पट्टा एकदम टाकून द्यायला मी सांगत नाही. दिवसाचे तास कमी करत न्यावा, म्हणजे मनाची तयारी होते.

मात्र काही लक्षणे अशी आहेत की तेथे व्यायाम करत बसू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी अडकणे, मांड्यांच्या मधल्या भागातली संवेदना जाणे किंवा पायाची ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री विश्रांती घेऊनही कळ थांबत नसेल तर क्षयरोगासारखे कारण तपासावे लागते. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजूनही आढळतो. उंचावरून पडल्यानंतरचे आणि पूर्वी कर्करोग झालेल्याचे दुखणेही आधी डॉक्टरांना दाखवावे. हा लेख अशा रोग्यांसाठी नाही.

शेवटी मुकादमांसाठी एक गोष्ट. हमाली पोत्यामागे मिळते, त्यामुळे कंबर धरली तरी हमाल सांगत नाही. सांगितले तर आज वाटणी नाही आणि उद्या कदाचित टोळीत जागाही नाही. मग तो अंग आवळून दिवस काढतो किंवा घरी बसतो, आणि दोन्हींनी कंबर बिघडते. मामांच्या टोळीने त्यांना सहा आठवडे काट्यावर उभे केले, पोत्यांची तोंडे शिवायला दिली आणि वाटणी पाऊण ठेवली. सातव्या आठवड्यात थप्पीच्या खालच्या थरापासून त्यांनी पुन्हा पोत्याला हात लावला. प्रत्येक पोत्याला दुसऱ्या बाजूने एक पोरगा हात देत होता.